पहिल्या गोळीच्या आधी : प्रस्तावना

औषध एखाद्याला मानवते आणि एखाद्याला मानवत नाही, हा अनुभव आपल्या घराघरांत इतक्या पिढ्यांपासून मुरलेला आहे की त्यामागे काही कारण असावे आणि ते शोधून काढता यावे, अशी कल्पनाही बहुतेकांच्या मनाला शिवत नाही. एकाच वैद्याने एकाच दिवशी दिलेल्या एकाच पुडीने एका रोग्यास उतार पडावा आणि दुसऱ्याच्या अंगावर चट्टे उठावेत, याचा उलगडा पूर्वी प्रकृतीच्या नावाने होत असे, आणि प्रकृतीने भागले नाही तर प्राक्तनाच्या नावाने. अपस्मारावरील औषधांपासून क्वचित् उद्भवणाऱ्या त्वचेच्या भयंकर प्रतिक्रिया हा या पुस्तकाचा विषय म्हणजे त्याच जुन्या अनुभवाचे एक टोक आहे. परंतु गेल्या वीस-बावीस वर्षांत या टोकाला असे काही घडले आहे की, प्राक्तनाच्या खात्यावर मांडलेले पुष्कळसे मृत्यू आणि पुष्कळसे अंधत्व आता तेथून खोडून माणसांच्या जबाबदारीच्या खात्यावर चढवावे लागते. रक्ताच्या लहानशा नमुन्यावरून, पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वीच, अमुक माणसाला अमुक औषध देऊ नये हे काही बाबतींत सांगता येऊ लागले आहे. हे ज्ञान कोठवर पोचते आणि कोठे थांबते, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे, आणि त्यातला दुसरा अर्धा भाग मला पहिल्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

अपस्माराची गोष्ट इतर व्याधींहून एका बाबतीत निराळी आहे. तापाने फणफणलेला माणूस औषध घेतो तेव्हा तो त्या घटकेला आजारी असतो, आणि ताप उतरला की त्या औषधाशी त्याचा संबंध संपतो. पण फेफऱ्याचा रोगी दोन झटक्यांच्या मधल्या काळात बहुधा धडधाकट असतो, शाळेत जातो, रानात राबतो, कचेरीत बसतो, आणि जो झटका अजून आलेलाच नाही तो येऊ नये म्हणून रोज ठरल्या वेळी, वर्षानुवर्षे, गोळी घेत राहतो. अशा माणसाला त्या गोळीनेच मूळ व्याधीहून दारुण यातनांत लोटावे, हा प्रकार विरळा खरा. कार्बामाझेपिन नावाचे औषध नव्याने घेणाऱ्या गोऱ्या लोकांत तो दर दहा हजारांत एक ते सहा जणांना होतो असा अंदाज आहे, आणि आशियातील काही देशांत त्याच्या दसपट. भारतात अपस्माराचे रोगी एक कोटीच्या घरात आहेत असे मानले जाते. एवढ्या मोठ्या संख्येपुढे विरळा हा शब्द आपोआप आपला दिलासा गमावून बसतो.

त्यात आपल्या समाजाने या रोगाला लपवण्याचा रोग करून ठेवले आहे. चरकसंहितेत अपस्माराचे चार प्रकार सांगून त्यांची चिकित्सा कोणताही गाजावाजा न करता मांडलेली आहे. तरीही झटका आलेल्या माणसाच्या नाकाशी चप्पल किंवा फोडलेला कांदा धरणारे हात आजही गावोगाव आहेत. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला अपस्मारही बसवला गेला होता, आणि तो तेथून उठवायला १९९९ साल उजाडावे लागले. कायदा सुधारला, सोयरिकी जुळवणारी मंडळी त्याच्याबरोबर सुधारली असे म्हणवत नाही. परिणाम असा की, सासरी आलेली मुलगी आपल्या गोळ्या वेष्टनातून काढून, कागदाच्या पुडीत बांधून, ट्रंकेच्या तळाशी ठेवते. आणि अंगावर फोड उठून ती रुग्णालयात पोचते तेव्हा तिच्यासोबत आलेल्या चार माणसांपैकी एकालाही ती काय घेत होती हे सांगता येत नाही. त्वचेच्या अशा प्रतिक्रियेत कारणीभूत औषध ओळखून ते ताबडतोब थांबवणे हा उपचाराचा पहिला आणि सर्वांत मोलाचा भाग असल्यामुळे, अशी लपवाछपवी येथे थेट जिवावर बेतते.

त्वचेचा हा रोग काय आहे ते आता थोडे जवळून पाहिले पाहिजे. १९२२ साली न्यूयॉर्कमधील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी सात आणि आठ वर्षांच्या दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघांनाही सडकून ताप होता, अंगभर चट्टे होते, तोंड आतून सोलवटलेले होते आणि डोळे पुवाने चिकटलेले होते. कारण त्यांना उमगले नाही, पण त्यांचे नाव त्या रोगाला कायमचे जोडले गेले. पुढे १९५६ साली स्कॉटलंडमधील त्वचारोगतज्ज्ञ ॲलन लायल यांनी चार रोगी असे वर्णिले की, ज्यांची कातडी उकळत्या पाण्याने भाजल्याप्रमाणे थरच्या थर सुटून येत होती. ही दोन वेगळी दुखणी नसून एकाच दुखण्याच्या दोन पायऱ्या आहेत असे आता समजतात : शरीराच्या दशांशाहून कमी त्वचा सुटली तर स्टीव्हन्स-जॉन्सन, तीस टक्क्यांहून अधिक सुटली तर लायल यांनी वर्णिलेला प्रकार, आणि मधल्या प्रदेशात दोहोंची सरमिसळ. पहिल्यात शंभरांतील पाच ते दहा रोगी दगावतात, दुसऱ्यात सुमारे तिसरा हिस्सा.

आकड्यांपेक्षा त्याची चाल ध्यानात ठेवण्यासारखी आहे. औषध सुरू केल्यापासून बहुधा पहिल्या चार आठवड्यांत, आणि क्वचित् दोन महिन्यांपर्यंत, एके दिवशी ताप येतो, घसा दुखतो, डोळे चुरचुरतात. त्वचेवर अद्याप काहीही नसते. दोन-तीन दिवसांनी चेहऱ्यावर आणि छातीवर लाल, मध्यभागी काळसर ठिपके उमटतात, आणि या ठिपक्यांची खूण अशी की ते खाजत नाहीत तितके दुखतात. पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. ओठांवर रक्ताची खपली धरते, गिळता येत नाही, लघवीला आग होते. पुढे, वरून धड दिसणाऱ्या त्वचेवर बोट टेकून हलकेच सरकवले तरी वरचा पापुद्रा बोटाबरोबर सरकतो. आता या क्रमातील पहिल्या तीन दिवसांचा सापळा पाहा. ताप आणि घसा म्हणजे साधा ताप, चट्टे उठले म्हणजे गोवर, असे घरातले म्हणतात आणि पुष्कळदा गल्लीतला डॉक्टरही म्हणतो. आणि याच काळात, ‘काहीही झाले तरी फिटची गोळी चुकवायची नाही’ हा जो मोठ्या डॉक्टरांनी दिलेला, एरवी सर्वस्वी योग्य असा हुकूम, तो घरातील माणसे निष्ठेने पाळत असतात. रोग्याला गिळता येत नाही म्हणून आई गोळी कुटून, मधात कालवून चाटवते. म्हणून हे औषध सुरू करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशीच दोन वाक्ये सांगितली पाहिजेत : गोळी चुकवू नका, आणि पहिल्या दोन महिन्यांत तापाबरोबर तोंड आले, डोळे लाल झाले किंवा अंगावर चट्टा उठला तर त्याच दिवशी मला गाठा, पुढची गोळी मला विचारून. पहिले वाक्य सगळे सांगतात. गोळी एकाएकी थांबवल्याने झटक्यांची रांग लागू शकते, हे खरेच. म्हणून थांबवण्याचे काम डॉक्टरच्या देखरेखीखाली, वेगळ्या घराण्यातले औषध हाताशी ठेवून करायचे असते, पण ते त्याच दिवशी करायचे असते.

जे जगतात त्यांच्यापैकी पुष्कळांची त्वचा काही आठवड्यांत नवी येते. डोळ्यांचे तसे नाही. पापणीचा आतला भाग बुबुळाभोवतीच्या पडद्याला चिकटतो, पापण्यांचे केस आत वळून प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासतात, अश्रू आटतात, आणि मूळ दुखणे विस्मृतीत गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी दृष्टी मावळू लागते. हैदराबाद आणि चेन्नई येथील मोठ्या नेत्ररुग्णालयांनी अशा डोळ्यांवरील शस्त्रक्रियांत नाव कमावले आहे. ते नाव कमावण्याइतके रोगी त्यांना मिळाले, ही त्या कीर्तीची दुसरी बाजू.

दोषी ठरलेली औषधे नगण्य नाहीत. अपस्मारचिकित्सेची सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे. फेनोबार्बिटालचा गुण १९१२ मध्ये जर्मनीत हाउप्टमान यांना दिसला. फेनिटॉइन १९३८ मध्ये बॉस्टनच्या मेरिट आणि पटनम यांनी प्रचारात आणले. कार्बामाझेपिन १९५३ च्या सुमारास बाझल येथील गायगी कंपनीत शिंडलर यांनी घडवले, आणि प्रथम ते चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या असह्य कळेवर वापरात आले, अपस्मारावर नंतर. ही जुनी हकीकत आजही उपयोगाची आहे, कारण ती कळ जबड्यात उठत असल्यामुळे रोगी आधी दातांच्या डॉक्टरकडे जातो आणि कार्बामाझेपिनची पहिली चिठ्ठी पुष्कळदा तेथेच लिहिली जाते. मानसरोगतज्ज्ञही ते लिहितात. लॅमोट्रिजिन आणि ऑक्सकार्बाझेपिन हे त्यांचे धाकटे भाऊबंद. या सर्वांच्या रेणूत कर्बाचे सुगंधी वलय आहे, आणि एकाने घात केला तर दुसराही करील अशी भीती त्यामुळे बाळगावी लागते.

आता मुख्य कथेकडे येऊ. २००४ साली तैवानमधील चुंग वेन-हुंग, हुंग शुएन-यू, चेन युआन-त्सोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात अवघ्या एका पानाचा निबंध छापला. कार्बामाझेपिनने स्टीव्हन्स-जॉन्सन झालेले ४४ हान चिनी रोगी त्यांनी तपासले होते, आणि त्या ४४ पैकी ४४ जणांच्या पेशींवर एचएलए-बी*१५:०२ नावाचा एकच विशिष्ट नमुना सापडला. तेच औषध बिनतक्रार पचवलेल्या १०१ जणांत तो तिघांकडे होता, आणि सर्वसाधारण लोकांतील ९३ जणांत आठ जणांकडे. ज्या शास्त्रात एखाद्या जनुकाने धोका दुप्पट होतो एवढे दिसले तरी परिषदा भरतात, तेथे या निबंधातले गुणोत्तर अडीच हजारांवर गेले. एवढा ठसठशीत संबंध वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच आढळला असेल, आणि मला तरी त्या निबंधाची खरी शोभा त्याच्या आखूडपणात वाटते.

हा एचएलए म्हणजे काय, याचे विवेचन पुस्तकात सविस्तर आहेच. येथे केवळ तोंडओळख. फ्रान्सच्या झां दोसे यांनी १९५८ मध्ये या प्रथिनांपैकी पहिले ओळखले. त्याबद्दल १९८० साली नोबेल पारितोषिकात ते वाटेकरी झाले. मूत्रपिंड बसवताना दाता आणि रोगी यांची जुळणी पाहतात ती याच प्रथिनांची. त्यांची जनुके सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर वसतात, आईकडून एक आणि बापाकडून एक असा प्रत्येकाला जोड मिळतो, आणि मनुष्यजातीत त्यांचे हजारो प्रकार आहेत. त्यांचे काम समजण्यासाठी जुन्या काळचा जकातनाका डोळ्यांपुढे आणावा. प्रत्येक पेशी आपल्या आत चाललेल्या व्यवहाराचे बारीक तुकडे या प्रथिनाच्या खोबणीत ठेवून, प्रवाशाने परवाना पुढे करावा तसे बाहेर धरते; रक्तातून गस्त घालणाऱ्या टी-पेशी नाकेदाराप्रमाणे त्यावरचा शिक्का न्याहाळतात, आणि शिक्का परका दिसला, विषाणूचा दिसला, तर ती पेशी जागीच मारतात. १५:०२ प्रकाराच्या खोबणीला कार्बामाझेपिनचा रेणू चिकटून बसतो, यकृतात त्याचे रूपांतर होण्याचीही वाट न पाहता. आणि मग आपल्याच रयतेचे परवाने नाकेदाराला बनावट दिसू लागतात. त्वचेच्या पेशींची सरसकट कत्तल सुरू होते. ज्या द्रव्याने ती होते त्या ग्रॅन्युलायसिनचा साठा फोडांतल्या पाण्यात भरपूर असल्याचे तैवानच्याच मंडळींनी २००८ मध्ये दाखवले.

पण मग १०१ पैकी ते तिघे? त्यांच्याकडे तोच नमुना असून त्यांना काहीच का झाले नाही? याचे अर्धेमुर्धे उत्तर २०११ साली मिळाले : खोबणी तीच असली तरी तो विशिष्ट शिक्का परका म्हणून ओळखणारी टी-पेशींची एक ठरावीक जात रोग्यांत सापडते आणि औषध सोसलेल्या वाहकांत सहसा सापडत नाही. म्हणजे खोबणी असणे जवळजवळ आवश्यक, पण पुरेसे नाही. याचा व्यवहारातील अर्थ साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. तैवानमध्ये चाचणीविना कार्बामाझेपिन घेणाऱ्या हजारांत दोघा-तिघांना हा रोग होत असे. त्याच हजारांत १५:०२ चे वाहक सुमारे ऐंशी निघतात. म्हणजे ऐंशी वाहकांपैकी सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर जणांनी ते औषध सुखाने पचवले असते. आपण मात्र ऐंशींनाही मना करतो, कारण त्यांतले ते दोन-तीन कोण हे ओळखण्याची युक्ती दवाखान्यात अजून आलेली नाही. हा अन्याय आहे काय? झटके आवरणारी दुसरी औषधे उपलब्ध असताना मी त्याला अन्याय म्हणणार नाही. परंतु चाचणीचा होकार म्हणजे ‘तुम्हाला हा रोग होणार’ असा निकाल नव्हे, हे त्या ऐंशी माणसांना नीट समजावून सांगण्याचे कर्तव्य त्यातून उत्पन्न होते, आणि ते टाळले की आधीच व्याधीने पिचलेल्या माणसाच्या कपाळी आणखी एक डाग येतो.

उलट बाजूने मात्र चाचणीने आपला शब्द राखला. तैवानमधील २३ रुग्णालयांत सुमारे ४,९०० रोग्यांची औषधापूर्वी तपासणी झाली; त्यांतील ७.७ टक्के वाहक निघाले, त्यांना दुसरे औषध मिळाले, उरलेल्यांना कार्बामाझेपिन मिळाले. आणि एरवी ज्यांच्यात दहाएक जणांना हा रोग झाला असता त्या सगळ्यांत एकालाही तो झाला नाही. २०११ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शास्त्राने इतक्या थोड्या काळात, एका पानापासून हजारो रोग्यांच्या प्रत्ययापर्यंत, मजल मारावी हे खरोखर विस्मयकारक आहे.

येथे आपला वाचक साहजिकच विचारील की, मग हेच येथेही का करू नये? आणि येथूनच विषय अवघड होतो. १५:०२ हा नमुना जगात सारखा पसरलेला नाही. हाँगकाँग, थायलंड, मलेशिया आणि फिलिपिन्सचा काही भाग येथे तो पंधरा टक्क्यांहून अधिक लोकांत आढळल्याच्या नोंदी आहेत, तैवानात सुमारे दहा टक्के, उत्तर चीनमध्ये चार. जपान आणि कोरियात एक टक्काही नाही, आणि युरोपीय वंशाच्या लोकांत तो जवळपास नाहीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २००७ मध्ये कार्बामाझेपिनच्या माहितीपत्रकात जो इशारा घातला त्याचे बोट आशियाई वंशाकडे होते. पण आशियाई म्हणजे कोण? टोकियोचा माणूस आणि मनिलाचा माणूस एकाच रकान्यात बसवणारी ही वर्गवारी मुलकी दफ्तराला शोभेल, शरीराला नाही. भारतीयांबद्दल त्याच पत्रकात सरासरी दोन ते चार टक्के, काही समूहांत अधिक, असे म्हटले आहे. आणि ज्या देशात शतकानुशतके बेटीव्यवहार जातीच्या आणि पोटजातीच्या कुंपणाआड चालला त्या देशाची सरासरी फार भरवशाची मानता येत नाही, हे कोणालाही कळेल. मात्र यावरून उद्या कोणी आडनाव पाहून औषध ठरवू लागेल, तर तो या ज्ञानाचा विपर्यास होईल. रक्त तपासायचे ते आडनावावर विसंबावे लागू नये म्हणूनच.

आपल्याकडचा पुरावा काय सांगतो? २००९ साली गुजरातेतील संशोधकांनी कार्बामाझेपिनने हा रोग झालेले आठ रोगी तपासले. सहा जणांत १५:०२ सापडला, तुलनेसाठी घेतलेल्या दहा जणांत एकातही नाही. आठ हा आकडा लहान आहे, त्यावर सिद्धान्ताचा डोलारा उभारता येणार नाही. तरी त्या आठांतील उरलेल्या दोघांकडे मी वाचकाचे लक्ष वेधू इच्छितो. तैवानात ४४ पैकी ४४. येथे आठांपैकी दोघे त्या खुणेवाचूनच रोगाच्या तावडीत सापडले. म्हणजे आपल्याकडे चाचणीचा नकार हा अभयाचा दाखला ठरत नाही. १५:०२ ची भावंडे म्हणावीत असे १५:११, १५:२१ आदी प्रकार आशियात इतरत्र या रोगाशी जोडले गेले आहेत. युरोपीय आणि जपानी लोकांत एचएलए-ए*३१:०१ या निराळ्याच नमुन्याकडे बोट जाते, जो साध्या पुरळापासून यकृतासह सर्वांगाला घेरणाऱ्या प्रतिक्रियेपर्यंत सगळ्यांचीच शक्यता वाढवतो. युरोपातील २०११ च्या अभ्यासात, हा नमुना असणाऱ्यांत कार्बामाझेपिनने कोणतीतरी अतिसंवेदनशील प्रतिक्रिया येण्याचा धोका पाच टक्क्यांवरून सव्वीस टक्क्यांवर जातो असे दिसले. तो नसणाऱ्यांत ३.८ टक्के धोका उरलाच. परक्या मुलखातून आणलेली चाचणी आपल्या मुलखात किती चालते याची मोजणी आपण केल्याशिवाय ती दुसरे कोणी करून देणार नाही.

हाँगकाँगचा अनुभव तर प्रत्येक आरोग्य-अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. तेथे २००८ मध्ये सरकारी फर्मानाने कार्बामाझेपिनपूर्वी चाचणी आवश्यक ठरली. कार्बामाझेपिनचे बळी थांबले. पण काही वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा अपस्माराच्या औषधांनी होणाऱ्या या रोगाचे एकूण प्रमाण होते तेथेच असल्याचे आढळले. कारण चाचणी सांगा, अहवालाची वाट पाहा, ही दगदग नको म्हणून डॉक्टर मंडळी फेनिटॉइनकडे वळली होती, आणि त्या औषधाने आपला वाटा उचलला होता. नियम अचूक, हेतू निर्मळ, अंमलही काटेकोर. तरी रोग एका दाराने गेला आणि दुसऱ्याने आत आला. फेनिटॉइनच्या बाबतीत तर दोष आणखी निराळ्या ठिकाणीही असतो : सीवायपी२सी९*३ नावाचा यकृतातील एका विकराचा मंद प्रकार ज्यांच्याकडे असतो त्यांच्या शरीरातून ते औषध लवकर बाहेर पडत नाही, साचत राहते, आणि अशांना त्वचेच्या गंभीर प्रतिक्रियेचा धोका अधिक, हे २०१४ साली तैवान, जपान आणि मलेशियातील रोग्यांवरून दिसून आले. हा मंद प्रकार भारतीयांत दुर्मिळ नाही.

लॅमोट्रिजिनचा न्याय आणखी वेगळा. तेथे जनुकांची साक्ष अद्याप कच्ची आहे, परंतु घाई हा दोष पक्का सिद्ध झालेला आहे. नीट लिहिलेल्या चिठ्ठीवर पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, आणि त्यानंतर पायरीपायरीने वाढ, असे असते. सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते लॅमोट्रिजिनचा निचरा रोखून धरते, म्हणून सुरुवात २५ मिलिग्रॅम दिवसाआड. रोग्याला हे रेंगाळणे पटत नाही, झटके तर चालूच असतात, आणि शेजारच्या कोणाला दोनशेची गोळी चालते हे त्याने पाहिलेले असते. मध्येच गावी गेल्यामुळे काही दिवस औषध सुटले तर परत आल्यावर एकदम पूर्वीच्या मात्रेवर चढायचे नसते, हे तर क्वचितच कोणी त्याला सांगितलेले असते. ज्या रोगासाठी तैवानने जनुकांचे दफ्तर धुंडाळले त्याचा काही हिस्सा येथे निव्वळ तारखा लिहिलेल्या कागदाने टळतो.

मग औषध निवडावे तरी कोणते? लेव्हेटिरासिटाम त्वचेच्या बाबतीत पुष्कळच निरुपद्रवी आहे, पण काहींना त्याने चिडचिड आणि उद्वेग येतो. व्हॅल्प्रोएट या दृष्टीने बरे, पण अपत्यवयाच्या स्त्रीला ते देणे गर्भाच्या दृष्टीने धोक्याचे. कार्बामाझेपिन स्वस्त, जुने, विशिष्ट प्रकारच्या झटक्यांवर गुणकारी. खासगी प्रयोगशाळेत ही चाचणी काही हजार रुपयांना पडते, तेवढ्यात या गोळ्यांचे कित्येक महिने निघतात. आणि तालुक्याच्या गावी रक्त घेऊन ते शहरात पाठवून अहवाल येईपर्यंत झटके थांबत नाहीत. अशा स्थितीत चाचणी करण्याची ऐपत नसलेल्या रोग्यास मुळात दुसरे औषध देणे, किंवा कार्बामाझेपिन देऊन दोन महिने त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे, हे दोन्ही मार्ग सुज्ञ डॉक्टर अवलंबतात, आणि दोहोंपैकी कोणत्याही मार्गास मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. तिसरा मार्ग, म्हणजे चिठ्ठी देऊन तीन महिन्यांनी या म्हणणे, त्यास म्हणेन.

दोन गैरसमजांचे निरसन येथेच केलेले बरे. ज्यांना कार्बामाझेपिन घेऊन वर्षे लोटली आहेत त्यांनी हे पुस्तक वाचून धास्तावण्याचे कारण नाही. हा रोग सुरुवातीच्या काही आठवड्यांचा आहे, आणि जो पहिले तीन महिने सुखरूप पार पडला त्याने आता चाचणीपायी औषध सोडणे म्हणजे नसत्या भयापोटी खरे झटके ओढवून घेणे होय. उलट, ज्याला एकदा हा रोग झाला त्याने चाचणीत काहीही निघाले तरी ते औषध जन्मात पुन्हा घेऊ नये. कागदावरच्या नकारापेक्षा शरीराने दिलेली ग्वाही वरचढ. त्याच्यात १५:०२ असेल तर त्याच्या सख्ख्या भावंडांतही तो निघण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून त्यांच्यापैकी कोणास पुढेमागे हे औषध लागलेच तर चाचणीविना देऊ नये. अशा कुटुंबाकडे त्या औषधाचे नाव लिहिलेला कागद असावा, आणि तो देव्हाऱ्यातल्या पोथीत न ठेवता खिशातल्या पाकिटात असावा.

आणि नोंद. भारत सरकारची औषध-दक्षतेची योजना २०१० पासून चालू आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून तिचा कारभार पाहिला जातो, आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून तिची केंद्रे आहेत. औषधाच्या अपायाची फिर्याद तेथे डॉक्टरच नव्हे, रोगी आणि त्याचे आप्तही नोंदवू शकतात. गुजरातेतल्या त्या दोन रोग्यांच्या रक्तात कोणती खूण होती, हा प्रश्न अशा नोंदींतूनच सुटेल. आपल्याकडे रोगी बरा झाला तर सगळे घरी जातात आणि दगावला तर सगळे स्मशानात जातात. केंद्रातला अर्ज भरायला मागे कोणी राहत नाही.

ग्रंथकर्त्यांनी त्वचेच्या लक्षणांचे प्रकरण जनुकांच्या प्रकरणापूर्वी घातले आहे, हा क्रम मला पसंत आहे, जरी शास्त्रीय शिस्तीच्या वाचकाला तो उलटा वाटेल. शब्दांच्या बाबतीत त्यांनी सोवळे पाळलेले नाही. अपस्मार, फेफरे आणि फिट हे तिन्ही शब्द त्यांनी सुखेनैव वापरले आहेत, कारण रोग्यांच्या तोंडी तिन्ही आहेत. आकडे रुक्ष वाटले तरी ते वगळू नयेत अशी विनंती आहे. ज्यांच्या घरात याच आठवड्यात कार्बामाझेपिन, फेनिटॉइन किंवा लॅमोट्रिजिन सुरू झाले असेल त्यांनी ही प्रस्तावना येथेच सोडून आधी लक्षणांचे प्रकरण वाचावे, रोग्याच्या सोबत राहणाऱ्या माणसाकडूनही ते वाचून घ्यावे, आणि दोन महिने उलटल्यावर सवडीने बाकीच्या पुस्तकाकडे यावे.